पिंपावरचा गुलाब

माझं लग्न माझ्या अक्षरावर झालं. रूपावर होण्यासारखं काही नव्हतं, आणि गाणं मला आजही येत नाही. मुलगी पाहायला आलेल्या मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पोह्यांची बशी बाजूला सारली आणि पाटी मागवली. "चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी असं लिहा," म्हणाले, "एका ओळीत, शेवट खाली न घसरता." मी लिहिलं. पाटी त्यांनी लांब धरून पाहिली, मग उलटी करून पाहिली. उलट्या पाटीकडे बघत त्यांनी मान डोलावली तेव्हा माझ्या आईला वाटलं, माणूस जरा भ्रमिष्ट आहे. बसल्या जागी त्यांनी होकार दिला.

पाटी उलटी का धरली ते मला कसब्यात आल्यावर कळलं. तांबट आळीत मामंजींचं भांड्यांवर नावं घालायचं दुकान होतं. दुकान म्हणजे रस्त्याकडची एक खोली, मागे आमच्या दोन. आळीतले बाकीचे लोक तांब्याची भांडी घडवायचे आणि घडलेली भांडी नाव घालायला आमच्याकडे यायची. मामंजी भांडं दोन्ही गुडघ्यांत धरत, त्याचं तोंड स्वतःच्या पोटाकडे आणि बूड समोर. मग छिन्नीने ठिपक्याशेजारी ठिपका मारत जात. त्यामुळे अक्षरं त्यांना कायम उलटी दिसायची. ते वाचत नसत, फक्त रेघेवरून जात. वाचायचं काम आधी लिहिणाऱ्याचं. चुन्याच्या निवळीत काडी बुडवून मी तांब्यावर नाव लिहायचं, ते वाळून पांढरं झालं की मामंजींनी त्यावर छिन्नी चालवायची, अशी आमची वाटणी होती. पहिल्या महिन्यातच त्यांनी मला बजावून ठेवलं होतं की लिहिणारा चुकला तर भांडं चुकलं.

वर्षभर मी चुकले नाही. सासूबाईंना लिहितावाचता येत नव्हतं, त्यामुळे त्यांना माझं काय कौतुक असायचं ते कळायचं नाही; पण गिऱ्हाईक "कुणाचं हो अक्षर?" असं विचारायचं आणि मामंजी "घरचं आहे" म्हणायचे, तेव्हा मी आतल्या खोलीत पोळी लाटता लाटता फुगायची. सासरी माझं म्हणून जे काही होतं ते तेवढंच.

भांड्यांवरची नावं दोन जातींची असत. एक लग्नामुंजीची, बारशाची. दुसरी देणगीची. देवळाला समई, शाळेला घागर, गावाला पंगतीची पातेली, हे सगळं कुणीतरी गेल्यावर त्याच्या नावाने दिलं जायचं. स्वतः हयात असताना स्वतःच्या नावाने भांडं देणाऱ्याची आळीत टिंगल व्हायची. म्हणून देणगीच्या भांड्यावर सुरुवात ठरलेली: कै., म्हणजे कैलासवासी. ते लिहायला मला चिठ्ठी बघावी लागत नसे. पुढे देवळाचं किंवा शाळेचं नाव दिसलं की हात आपोआप कै. काढून मोकळा व्हायचा.

आता मामंजी आणि पंतप्रधान. या दोघांचं रोज सकाळी भांडण व्हायचं, आणि पंतप्रधान दिल्लीत असल्यामुळे ते एकतर्फी चालायचं. मामंजी चहाबरोबर वर्तमानपत्र उघडत आणि सुरू होत. यांना पोलादाचे कारखाने हवेत, मग आमचं तांबं कोण घेणार? तांब्याचा पत्रा परमिटवर मिळतो, परमिटसाठी साहेबाच्या दारात उभं राहावं लागतं, हेच का स्वराज्य? चीनला भाऊ म्हणून मिठी मारायला कुणी सांगितलं होतं? सासूबाई म्हणायच्या, "अहो, चहा निवतोय. त्यांचा नाही, तुमचा."

पण आळीत दुसऱ्या कुणी पंतप्रधानांना नावं ठेवली की मामंजी चष्म्यावरून बघत विचारत, "आपण किती वर्षं तुरुंगात होता?" सासूबाईंनी मला सांगितलं होतं की स्वराज्य आलं त्या दिवशी सकाळी मामंजींनी दुकानात असलेल्या प्रत्येक भांड्यावर त्या दिवसाची तारीख फुकट घालून दिली होती, गिऱ्हाइकाला न विचारता. दोघातिघांनी तक्रार केली. लग्नाच्या भांड्यावर लग्नाआधीची तारीख कशाला, म्हणाले. मामंजींनी त्यांना सांगितलं की लग्न पुन्हा होऊ शकतं.

माझं स्वतःचं म्हणाल तर मला राजकारण कळत नव्हतं. मी पाटीवर अक्षरं गिरवायला लागले तेव्हापासून हा एकच माणूस पंतप्रधान होता. पंतप्रधान हे पद आहे आणि त्यावर कधी दुसरा कुणी बसेल, हे डोक्यातच आलं नव्हतं. सूर्य, पाऊस, पंतप्रधान, असं ते होतं.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात धायरीहून एक शेतकरी दुकानात आला. धायरी तेव्हा लांबचं खेडं, सिंहगडाच्या वाटेवरचं. पन्नाशीचा गृहस्थ, धोतर, टोपी, पायताण दारात काढून आत आला. आळीतच घडवलेलं एक तांब्याचं पिंप, खाली पितळी तोटी बसवलेलं, त्याने खांद्यावरून उतरवून ठेवलं.

"साळंला द्याचं हाय," म्हणाला. "जूनला साळा उघडल तवा. ह्ये नाव घाला." त्याने कुणाकडून तरी लिहून आणलेली चिठ्ठी पुढे केली.

मामंजींनी वाचली आणि चष्मा काढला. चिठ्ठीवर पंतप्रधानांचं नाव होतं आणि पुढे 'यांच्या नावाने धायरीच्या शाळेस भेट' एवढंच.

"वडिलांच्या नावाने द्या की," मामंजी म्हणाले.

"बापाच्या नावाची समई देवळात दिलीया. ह्ये त्यांच्या नावाचं. खडकवासल्याला आलं व्हतं तवा म्या रस्त्याच्या कडंला हुबा व्हतो. गाडी हळू झाली. त्यांनी माज्याकडं बगून हात केला."

"सगळ्यांनाच तसं वाटतं."

"वाटू द्या की," शेतकरी शांतपणे म्हणाला. "आमच्या गावात साळा नव्हती, आता हाय. माज्या दोन्ही पोरी जात्यात. त्यांनी त्या मानसाच्या नावाचं पानी प्यावं."

"अहो, पण जिवंत माणसाच्या नावाने भांडं देत नाहीत."

"त्यो जित्ता हाय म्हनून तर देतोय. मेल्यावर समदेच देतील."

मामंजींनी चष्मा पुन्हा चढवला आणि पिंप जवळ ओढलं. शेतकरी गेल्यावर ते बराच वेळ चिठ्ठी हातात धरून बसले. मग म्हणाले, "सूनबाई, हे जरा नीट लिहा. रोज भांडतो मी त्यांच्याशी. एवढं तरी बरं व्हायला हवं."

मी नीट लिहिलं. इतकं नीट माझ्या हातून कधी लिहिलं गेलं नव्हतं. लग्नसराईचे दिवस होते, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, सकाळपासून मी ताटं, तांबे, घागरी लिहीत होते. त्यात देणगीचीही बरीच होती. पण पिंपाला मी वेळ दिला. शिरोरेघ पिंपाच्या गोलाव्याबरोबर फिरली पाहिजे म्हणून सुतळी बांधून घेतली. वेलांट्या सारख्या काढल्या. मामंजींनी दुपारभर बसून ठिपके मारले आणि तेही खोल मारले, कारण पोरांच्या हाताखाली जाणारं भांडं. संध्याकाळच्या आत काम संपलं. मी पिंप मोरीवर नेलं, चिंच लावून घासलं, पाणी ओतलं आणि पुसायला पदर लावला.

पदराखालून पहिलं अक्षर निघालं ते कै.

आधी मला काहीच कळलं नाही. मी नेहमीसारखं वाचलं, कै., आणि पुढे नाव. मग दोन्ही एकत्र डोक्यात शिरलं. मोरीच्या दगडावर मी तशीच बसले, लुगडं भिजलं तरी उठले नाही. मी देशाच्या पंतप्रधानांना मारून ठेवलं होतं. सुतळी लावून, सारख्या वेलांट्या काढून.

सासूबाईंनी मला तसं पाहिलं आणि मामंजींना बोलावलं. मामंजी आले, वाकले, आणि ते नाव त्यांनी पहिल्यांदा सुलटं वाचलं. ते भिंतीला धरून खाली बसले.

"काय झालंय?" सासूबाई विचारत राहिल्या. त्यांना तर सगळी अक्षरं सारखीच.

"मी लिहिलं," मी म्हणाले. "माझी चूक आहे."

"लिहिलेलं पुसता येतं," मामंजी म्हणाले. "ठोकलेलं माझं आहे."

एवढंच बोलले. मला वाटलं होतं ओरडतील, माहेरी पाठवा म्हणतील. तसं झालं असतं तर बरं, असंही मला त्या क्षणी वाटलं. ते नुसते पिंपाकडे बघत होते. नवं पिंप घडवायचं तर पत्रा हवा, पत्र्याला परमिट हवं, आणि शेतकरी तिसऱ्या दिवशी न्यायला येणार होता. आतून ठोकून ठिपके वर काढायला गेलं तर खोल मारल्यामुळे पत्रा फाटायची भीती. पाऊण तास ते हललेही नाहीत. मग त्यांनी मला विचारलं, "त्यांच्या कोटाला फूल असतं ना?"

"गुलाब," मी म्हणाले.

"काढा."

मी चुन्याने कै. वर गुलाब काढला. क, दोन मात्रा, टिंब, सगळं पाकळ्यांत बसवलं. टिंब देठाच्या टोकाला आलं. मामंजींनी छिन्नी ठेवून दिली आणि टोकदार सळीने हलक्या हाताने पाकळ्या कोरल्या, ठिपक्यांमधून रेघा नेत नेत, दोन ठिपके एका पाकळीत, तीन दुसरीत. हळूहळू कै. दिसेनासं झालं. जिथे अपशकुन होता तिथे फूल आलं, आणि खोटं कशाला बोलू, ते फार सुरेख फूल होतं. दिवे लागायच्या आधी आम्ही पिंप पुसून दुकानात मांडलं. मग मामंजींनी सासूबाईंना काय झालं होतं ते सांगितलं. त्यांनी दोन्ही हात जोडून देवघराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "निभावलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी बातमी आली.

तांबट आळीत राहणाऱ्या माणसाला ठोक्यांचा आवाज ऐकू येत नाही. सकाळपासून सगळीकडून हातोड्या चालू असतात आणि कान त्यांना सरावलेले असतात. त्या दुपारी मी डाळ निवडत बसले होते, आणि एकाएकी मला बाहेर सायकलची घंटा ऐकू आली. नळाचं पाणी पडताना ऐकू आलं. काय झालं ते कळायला मला थोडा वेळ लागला. ठोके थांबले होते. एक थांबला, मग शेजारचा, असं करत पूर्ण आळी थांबली होती, आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानातला रेडिओ आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होता.

मी दुकानात गेले. मामंजी एका लग्नाच्या तपेल्यावर नाव घालत होते. त्यांची हातोडी अजून वर होती. समोरचा तांबट आमच्या दारात उभा राहून म्हणाला, "गेले."

"कोण?" मामंजींनी विचारलं. पण त्यांना कळलं होतं. त्यांची नजर पिंपाकडे गेली होती.

सासूबाई मागून आल्या. त्या दुष्ट बाई नव्हत्या, हे मला सांगितलं पाहिजे, कारण त्यांचं ते वाक्य मी पुढे आयुष्यभर ऐकत राहिले. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि अगदी हळू म्हणाल्या, "अहो, काल आपण त्यांना…" आणि तिथेच थांबल्या.

मी वीस वर्षांची होते, मॅट्रिक झाले होते, हृदय बंद पडून माणूस मरतो हे मला पुस्तकात शिकवलेलं होतं. तरीही मला खरंच वाटलं की हे मी केलं. दिल्लीत एवढे डॉक्टर असताना, एवढी फौज असताना, कसब्यातल्या एका सुनेने चुन्याची काडी फिरवली आणि माणूस गेला. आज हे लिहिताना हसू यायला हवं. येत नाही. संध्याकाळी हे, म्हणजे माझे यजमान, कचेरीतून लवकर घरी आले, सगळं बंद होतं म्हणून. रस्त्यावर माणसं नुसती उभी आहेत, म्हणाले, कुठे जायचं ते ठरवता न आल्यासारखी. त्या रात्री आमच्याकडे चूल पेटली नाही. मी कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही आणि मामंजींनीही दिला नाही. दुसऱ्या सकाळी वर्तमानपत्र आलं. पूर्ण पान काळ्या चौकटीत होतं. मामंजींनी ते घडी न उघडता कपाटावर ठेवलं. पहिल्यांदाच त्यांच्याकडे पंतप्रधानांना सुनवायला काही नव्हतं.

शेतकरी ठरल्या दिवशी आला. आळी अजून पुरती सुरू झाली नव्हती. तो दारात टोपी काढून उभा राहिला तेव्हा दिसलं की त्याने डोकं भादरून घेतलं होतं, बाप गेल्यावर करतात तसं. तो पिंपापाशी उकिडवा बसला. त्याला वाचता येत नव्हतं, पण फूल त्याला दिसलं. त्यावरून त्याने अंगठा फिरवला.

"फूल सांगितलं नव्हतं म्या," म्हणाला.

"माझ्याकडून," मामंजी म्हणाले.

शेतकरी रडायला लागला. आवाज न करता, नुसते खांदे हलत होते. मी आतल्या दाराशी उभी होते आणि मला ते बघवेना. थोड्या वेळाने त्याने उपरण्याने तोंड पुसलं आणि म्हणाला, "आता त्ये फुडं घालावं लागंल न्हवं? मेल्याच्या नावाआदी घालत्यात त्ये."

मामंजी हातातली छिन्नी पुसत राहिले.

"कै. का काय म्हंत्यात. फुलाच्या आंगाला जागा हाय बगा. घाला. मी थांबतो."

"नाही," मामंजी म्हणाले.

"का वं?"

"मी घालणार नाही."

शेतकरी उठून उभा राहिला. त्याला राग आला होता, आणि तो बरोबर होता. "तुमी त्यांच्यावर रोज टीका करता ह्ये आळीत समद्यांनी सांगितलं मला," म्हणाला. "आता मेल्यावर बी येवढा मान द्याला जीवावर येतंय का?"

मामंजींच्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती. त्यांच्यावर याहून खोटा आळ कुणी घेतला नसेल. माझ्याने राहवलं नाही. मी उंबरठा ओलांडून दुकानात आले, सुनेने गिऱ्हाइकासमोर यायची रीत नसताना आले, आणि म्हणाले, "त्यांना नका बोलू. ते आधीच—"

"सूनबाई," मामंजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "चहा टाका."

मी आत गेले. आधण ठेवलं. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"तुम्ही म्हणालात, तो जित्ता आहे म्हणून देतोय," मामंजी सांगत होते. "बरोबर? तुम्ही दिलंत तेव्हा ते होते. मग हे भांडं जिवंत माणसाचंच आहे. कै. घातलं की ते बाकीच्यांसारखं होईल. तुमच्या मुली पाणी पितील तेव्हा त्यांना वाटू दे, की आहेत ते."

आधणाला उकळी आली. मग शेतकरी म्हणाला, "असं म्हंता?" आणि थोड्या वेळाने, "ऱ्हाऊ द्या मग."

त्याने चहा घेतला. जाताना मामंजींनी त्याला सांगितलं, "फुलावर जपून घासायला सांगा. रेघा उथळ आहेत." पिंप डोक्यावर घेऊन तो स्वारगेटच्या दिशेने चालत गेला. मामंजी त्याला सांगत होते ते खरं होतं, की स्वतःला वाचवायला रचलेलं होतं, हे मी कधी विचारलं नाही. मला वाटतं बोलायला लागले तेव्हा ते रचलेलं होतं आणि संपेपर्यंत खरं झालं होतं.

त्यानंतर मी लिहायचं सोडलं. हात कापतो, असं सासूबाईंकरवी सांगितलं. चार दिवस मामंजींनी लग्नाची भांडी तशीच परत पाठवली. पाचव्या दिवशी सकाळी चुन्याची वाटी आणि काडी घेऊन ते स्वयंपाकघराच्या दारात आले. वर्षभरात ते तिथे कधी आले नव्हते.

"माझा हात कापेल," मी म्हणाले.

"कापू दे. कापऱ्या रेघेवरही ठिपका बसतो." वाटी त्यांनी ओट्यावर ठेवली. "तुम्ही लिहिलं म्हणून कुणी जात नाही. तसं असतं तर आळीतल्या अर्ध्या लोकांची नावं मी स्वतः घातली असती."

मी हसले आणि हसता हसता रडले. त्या दिवसापासून परत लिहायला लागले.

पण त्यांनी स्वतः पुन्हा कधी कै. ठोकलं नाही. देणगीचं काम आलं की "वेळ नाही" म्हणायचे. देवळं गेली, शाळा गेल्या, दुकान निम्म्यावर आलं. आळीतले लोक म्हणायचे, "तुमच्याकडे मेलेल्यांना मज्जाव आहे म्हणे." मामंजी म्हणायचे, "जिवंतांचीच गर्दी आवरत नाही." वर्तमानपत्र पुन्हा सुरू झालं, पण भांडण सुरू झालं नाही. नव्या पंतप्रधानांबद्दल सासूबाईंनी एकदा मुद्दाम डिवचलं, तर म्हणाले, "त्यांची माझी ओळख नाही." पुढे पोलादाने तांब्याला खरंच खाल्लं. लग्नात स्टीलची भांडी यायला लागली, त्यावर छिन्नी चालेना, विजेचं यंत्र आलं. मामंजींचं म्हणणं खरं ठरलं होतं, पण ते ज्यांना सुनवायचं ते राहिले नव्हते.

मामंजी गेले तेव्हा त्यांच्या नावाने देवळाला घागर दिली. लिहिली मी. नावाआधी काही लिहिलं नाही. हे म्हणाले, "काहीतरी राहिलंय." मी म्हणाले, "राहू दे."

पिंपाची गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, ह्यांनासुद्धा पुरती नाही. मग हे गेले, मुलाने धायरीत फ्लॅट घेतला आणि मी म्हातारी तिथे राहायला गेले. जिथे शेतं होती तिथे आता खिडकीतून समोरच्याची खिडकी दिसते. मागच्या निवडणुकीत माझं मतदान तिथल्या शाळेत आलं. म्हाताऱ्यांची रांग वेगळी होती. व्हरांड्यात मला खुर्ची दिली. बसले, आणि शेजारी कोपऱ्यात स्टुलावर ते होतं.

तांब्याचं पिंप. तोटी बदललेली होती. लखलखीत घासलेलं होतं. एक तरुण शिक्षिका रांगेवर देखरेख करत होत्या. मी पिंपाकडे टक लावून बघतेय हे पाहून त्या म्हणाल्या, "खूप जुनं आहे, आजी. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला मुली घासतात, पहिल्यापासूनची पद्धत आहे म्हणे."

मी चष्मा चढवला आणि फूल शोधलं. फूल नव्हतं. साठ वर्षांत पोरींनी ते घासून काढलं होतं, पाकळी न पाकळी. उथळ रेघा गेल्या होत्या आणि खोल ठिपके तसेच होते. नावाआधी स्वच्छ, ठसठशीत, माझ्या हातचं कै. होतं.

ऐंशीव्या वर्षी, भर व्हरांड्यात, मी पुन्हा मोरीवर ओल्या लुगड्यात बसलेली होते. मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"बरं वाटत नाही का, आजी?" बाईंनी विचारलं.

"हे मी लिहिलंय," मी म्हणाले. इतक्या वर्षांनी तोंडून निघालं ते असं.

त्यांनी वाकून वाचलं. "खरंच? काय सुंदर अक्षर आहे."

"चूक आहे ती. लिहिलं तेव्हा ते होते. जिवंत होते. मी आधीच कै. लिहिलं."

बाईंनी पुन्हा वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला धीर द्यावा असंच त्यांच्या मनात असणार. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "पण आता बरोबरच आहे की, आजी."

इतक्यात माझा नंबर आला. त्यांनी मला उठायला हात दिला आणि मी मत द्यायला आत गेले.